पिढी बदलली, की तीच माणसं बदलली?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेतली तरुण पिढी काळा-गोरा भेद मानत नाही, समलिंगी लग्नालाही तिचा विरोध नाही, असं सगळीकडे वाचतो. मग जुनी पिढी गेली की तिथलं राजकारण आपोआप उदारमतवादी होणार का?"

माझं भांडण 'आपोआप' या शब्दाशी आहे. त्याचं कारण सांगायला थोडी जागा लागेल.

मी मिशिगन राज्यात पंचवीस वर्षं लोकमत-सर्वेक्षणाचं काम केलं. सुरुवात कानाला हेडफोन लावून फोनवर प्रश्न विचारण्यापासून झाली. पुढे प्रश्नावल्या तयार करू लागले आणि शेवटची बरीच वर्षं आलेल्या आकड्यांची चिरफाड करण्यात गेली. पण माणसं कमी पडली की आम्हालाही फोनवर बसवायचे. २०१३च्या हिवाळ्यातली अशीच एक संध्याकाळ. डेट्रॉइटच्या उत्तरेला मॅकोम काउंटी आहे, तिथल्या ऐंशीच्या घरातल्या एका गोऱ्या आजींना फोन लागला. नाव-गाव सांगणार नाही, आमच्या धंद्यात ते पाप आहे. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क असावा का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "थांब जरा." रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. मागे कुणाशी तरी दोन वाक्यं बोलून झाली. मग म्हणाल्या, "हो, असं लिही. माझा नातू इथेच जेवतोय."

दहा मिनिटांनी शाळांचा प्रश्न आला. डेट्रॉइट शहरातल्या, म्हणजे मुख्यतः काळ्या वस्तीच्या, शाळांना राज्याने जास्त पैसा द्यावा का? आजी चिडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. "त्यांना आम्ही पुष्कळ दिलं," एवढंच म्हणाल्या. 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे मला विचारायचं नसतं, आणि त्यांना सांगायची गरज नव्हती.

तीस वर्षांपूर्वी या बाईंनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हटलं असतं, असं माझं मत. त्यातला एक 'नाही' मधल्या काळात 'हो' झाला होता. पिढी बदलली नव्हती. बाई तीच होती.

आता आकडे, कारण ते खरोखर थक्क करणारे आहेत. गॅलप या लोकमत-चाचणी संस्थेने १९५८ साली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाबद्दल विचारलं (प्रश्नात तेव्हा 'कलर्ड' हा शब्द होता), तेव्हा मान्यता देणारे ४ टक्के निघाले. २०२१ साली ९४ टक्के. मध्ये १९६७ साली लव्हिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने असे विवाह बंद करणारे कायदे रद्द केले. तोवर १६ राज्यांत ते जिवंत होते. समलिंगी लग्नाला गॅलपच्याच मोजणीत १९९६ साली २७ टक्के पाठिंबा होता, २०१५ साली ६० आणि २०२२ साली ७१.

वेगातला फरक बघा. पहिल्या प्रश्नाला निम्म्याचा उंबरठा ओलांडायला १९९०चं दशक उजाडावं लागलं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं. अलाबामाच्या राज्यघटनेतली मिश्र विवाहबंदी तर कागदावर तशीच पडून होती. ती काढायला २००० साली सार्वमत झालं आणि त्यातही सुमारे ४० टक्के लोकांनी 'राहू द्या' म्हणून मत दिलं. समलिंगी लग्नाच्या बाबतीत २७चे ६० व्हायला १९ वर्षं पुरली.

हा दुसरा वेग केवळ म्हातारे जाऊन तरुण आल्याने येऊच शकत नाही. अमेरिकेत दर वर्षी प्रौढांपैकी साधारण एक-सव्वा टक्का माणसं जातात आणि त्यांच्या जागी अठरा पूर्ण केलेली मुलं येतात. १९ वर्षांत ही अदलाबदल धरा पंचवीस टक्क्यांची. समजा, जाणाऱ्यांपैकी फक्त १५ टक्के समलिंगी लग्नाच्या बाजूचे होते आणि येणाऱ्यांपैकी ७५ टक्के. हे दोन आकडे मी गणितासाठी घेतले आहेत, पिढीबदलाला झुकतं माप देऊनच. फरक ६० अंकांचा, तो समाजाच्या चौथ्या हिश्श्याला लागू, म्हणजे एकूण बदल १५ अंकांचा. प्रत्यक्षात बदल झाला ३३ अंकांचा. उरलेले १८ अंक त्या मॅकोमच्या आजींसारख्यांनी आणले, जिवंत माणसांनी, चाळिशीत, साठीत, ऐंशीत.

आमच्या कामात तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: वय, पिढी आणि काळ. वय म्हणजे माणूस म्हातारा होताना बदलतो ते. पिढी म्हणजे ज्या काळात तो वयात आला त्याचा जन्मभराचा शिक्का. आणि काळ म्हणजे सगळ्यांच्याच डोक्यावरून एकदम जाणारं वारं. अडचण अशी की हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. आजचं साल आणि जन्मसाल कळलं की वय कळतंच, त्यामुळे तिघांना पूर्ण सुटं करणारं गणित अस्तित्वात नाही. तरी एवढं ठामपणे म्हणता येतं की समलिंगी लग्नाच्या बाबतीत काळाचा वाटा मोठा होता. वंशाच्या जुन्या प्रश्नांत, म्हणजे शेजारी काळं कुटुंब चालेल का, मुलीने काळ्याशी लग्न केलेलं चालेल का, पिढीबदलाचा वाटा त्यामानाने जास्त दिसतो.

असं का झालं, याचं माझं उत्तर साधं आहे. गे मूल कुठल्याही घरात जन्मतं. बाप्टिस्ट पाद्र्याच्या, रिपब्लिकन सिनेटरच्या, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय उपनगरात स्थायिक झालेल्या साताऱ्याच्या इंजिनिअरच्या. काळं मूल गोऱ्याच्या घरात असं न सांगता येत नाही. लैंगिकतेचा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो. वंशाचा प्रश्न रस्त्यापलीकडे राहतो, आणि तो रस्ता अमेरिकेने मुद्दाम आखलेला आहे.

पहिल्या भागासाठी एक प्रसंग. १९८६ साली जॉर्जिया राज्याचा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा सुप्रीम कोर्टापुढे होता. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला आणि पाचवं मत होतं न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचं. वय ७८. निकालाआधी चेंबरमध्ये ते आपल्या क्लर्कला, म्हणजे मदतनीस तरुण वकिलाला, म्हणाले की मी आयुष्यात कधी समलिंगी माणसाला भेटलेलो नाही. समोर बसलेला क्लर्क स्वतः गे होता. त्याने सांगितलं नाही, आणि पॉवेल यांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं. निवृत्तीनंतर १९९० साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे पॉवेल यांनी कबूल केलं की त्या खटल्यात बहुधा आपली चूक झाली. तोवर तो निकाल रूढ होऊन बसला होता. उलटायला २००३ साल उजाडलं.

१९८५ साली 'मी समलिंगी आहे' असं जवळच्या कुणीतरी स्वतःहून सांगितल्याचा अनुभव साधारण चौथ्या हिश्श्याच्या अमेरिकनांना होता. २०१३पर्यंत तो तीन चतुर्थांश लोकांना आला होता. सॅन फ्रान्सिस्कोचे गे नगरसेवक हार्वी मिल्क १९७८ साली, खून होण्यापूर्वी, हेच कानीकपाळी ओरडून सांगत होते: घरी सांगा, दुकानात सांगा, कामावर सांगा. एड्सच्या साथीने ते सांगणं अनेकांवर लादलं; मुलगा दवाखान्यात मरणाच्या दारात असताना आई-बापांना कळायचं. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी १९९६ साली समलिंगी लग्नाला केंद्राची मान्यता नाकारणाऱ्या कायद्याला मत दिलं होतं. २०११ साली मुलाने घरी सांगितलं, २०१३ साली बापाने जाहीरपणे बाजू बदलली. त्या दोन वर्षांत कुठलीही पिढी बदलली नाही.

आता रस्त्यापलीकडची गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे मी रोज पाहिलेलं आहे.

डेट्रॉइटची उत्तर हद्द म्हणजे एट माइल नावाचा रस्ता. त्याच्या दक्षिणेला, शहराच्या वायव्य भागात, एक काँक्रीटची भिंत आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती असल्यामुळे सरकारी हमीचं कर्ज मिळेना. त्याने भिंत बांधली, आणि कर्ज मंजूर झालं. आज भिंतीच्या एका भागावर मुलांची, बुडबुड्यांची, घरांची रंगीत चित्रं काढलेली आहेत आणि दोन्ही बाजूंना बहुतेक काळीच कुटुंबं राहतात. गोरी कुटुंबं रस्ता ओलांडून केव्हाच उत्तरेला गेली. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०२०च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार, त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त काळी.

१९७२ साली शाळांमध्ये गोरी-काळी मुलं मिसळावीत म्हणून बसने इकडची मुलं तिकडे न्यायचा आदेश येऊ घातला. त्याच वर्षी मे महिन्यात मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, होती आणि ती कोणी जिंकली? अलाबामाचे जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचे उघड पुरस्कर्ते. मतं ५१ टक्के. आदल्या दिवशी मेरीलँडमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला होता, ते इस्पितळात होते. उत्तरेतलं, कामगार संघटनांचं, मोटारींचं राज्य हे. वंशवाद फक्त दक्षिणेत, असं कोणी म्हणालं की मी ही तारीख सांगते: १६ मे १९७२.

दोन वर्षांनी, १९७४ साली, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की उपनगरांच्या शाळांना या योजनेत ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मतात बजावलं होतं की यातून प्रत्येक महानगराची दोन शहरं होतील, एक गोरं आणि एक काळं. तसंच झालं. एट माइलच्या उत्तरेला वाढणारी गोरी मुलं काळ्या मुलांना भेटत होती ती बास्केटबॉलच्या सामन्यात, टीव्हीवर आणि बातम्यांमध्ये. मॅकोम काउंटीने १९६० साली डेमोक्रॅट केनेडींना भरभरून मतं दिली होती. १९८४ साली त्याच काउंटीत रिपब्लिकन रेगन दोन तृतीयांश मतं घेऊन गेले.

या लोकांना 'काळ्यांना समान वागणूक मिळावी का' असं विचारलं असतं तर बहुतेकांनी 'हो' म्हटलं असतं, आणि मनापासून म्हटलं असतं. आमच्या धंद्याला ही फट पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तत्त्व विचारा, होकार मिळतो. तेच तत्त्व अमलात आणायला सरकारने काय करावं ते विचारा, की होकार विरघळतो. आंतरवंशीय लग्नाचे ९४ टक्के हे तत्त्वाचे टक्के आहेत. त्या होकाराला दमडीही मोजावी लागत नाही.

मिशिगनच्या मतदारांनी दोन्ही प्रश्न थोड्याच अंतराने मतपेटीत टाकले, म्हणून हे राज्य मला प्रयोगशाळेसारखं वाटतं. २००४ साली समलिंगी लग्नावर बंदी घालणारी राज्यघटनेतली दुरुस्ती ५९ टक्के मतांनी मंजूर झाली. २००६ साली विद्यापीठप्रवेश आणि सरकारी नोकऱ्यांत वंशाचा विचार करायला, म्हणजे अफर्मेटिव्ह अॅक्शनला, बंदी घालणारी दुरुस्ती ५८ टक्क्यांनी मंजूर झाली. जवळजवळ सारखे आकडे. आता पुढे काय झालं ते बघा.

एप्रिल डिबोअर आणि जेन राउस या दोन नर्स. राहायला हेझल पार्कमध्ये, म्हणजे एट माइलला अगदी खेटून असलेल्या उपनगरात. विशेष काळजी लागणारी मुलं त्यांनी दत्तक घेतली होती, पण लग्न नसल्यामुळे दोघींना मिळून पालक होता येईना. त्या कोर्टात गेल्या. डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात खटला चालला आणि २१ मार्च २०१४ रोजी न्यायाधीश बर्नार्ड फ्रिडमन यांनी २००४ची बंदी घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वरच्या कोर्टाची स्थगिती येण्याआधी सुमारे ३०० जोडप्यांनी लग्नं उरकली. पुढे हाच खटला ओबर्गफेल खटल्यात मिळून गेला आणि २६ जून २०१५ रोजी देशभर समलिंगी विवाहाचा हक्क मिळाला. त्या नर्सबाईंच्या वकिलांपैकी एक, डेना नेसेल, २०१८ साली राज्याच्या अॅटर्नी जनरल म्हणून निवडून आल्या.

फ्रिडमन यांना नेमलं होतं रेगन यांनी. आणि याच फ्रिडमन यांनी, याच कोर्टात, २००१ साली मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं अफर्मेटिव्ह अॅक्शन घटनाबाह्य ठरवलं होतं. (तो निकाल वर टिकला नाही.) एकच माणूस, एकच खुर्ची. त्यात मला विसंगती दिसत नाही. 'सरकारने माणसाकडे माणूस म्हणून बघावं, गटाचा विचार करू नये' हा त्याच्या विचाराचा धागा आहे, असं मी समजते. या धाग्याने समलिंगी लग्न मान्य होतं आणि वंशाधारित प्रवेश अमान्य होतो. अमेरिकेतल्या मधल्या मतदाराचं मन मला नेमकं असंच वाटतं.

फ्रिडमन यांच्या निकालानंतर बरोबर महिन्याभराने, २२ एप्रिल २०१४ रोजी, सुप्रीम कोर्टाने मिशिगनची २००६ची दुरुस्ती सहा विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. म्हणजे एकाच वसंत ऋतूत एक बंदी खिळखिळी झाली आणि दुसरी पक्की. मिशिगन विद्यापीठात काळ्या पदवी-विद्यार्थ्यांचं प्रमाण २००६ साली ७ टक्के होतं, २०२१ साली ४ टक्क्यांच्या जरा खाली. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड खटल्यात विद्यापीठप्रवेशातलं अफर्मेटिव्ह अॅक्शन देशभरच बंद केलं. हे फक्त रिपब्लिकनांचं काम, असं वाटत असेल तर कॅलिफोर्निया बघा. २०२० साली, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर मोर्चे निघाले त्याच वर्षी, तिथे अफर्मेटिव्ह अॅक्शन परत आणायचा प्रस्ताव मतदानाला आला. डेमोक्रॅट बायडेन यांना त्या राज्यात ६३ टक्के मतं मिळाली. प्रस्ताव ५७ टक्क्यांनी पडला.

'तरुण म्हणजे उदार' हे समीकरण जरा उलगडून बघू. २००८ साली तिशीच्या आतल्या ६६ टक्के मतदारांनी ओबामांना मत दिलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वयोगटातल्या फक्त गोऱ्यांचं बघा: २००८ साली ५४ टक्के ओबामांना. चार वर्षांनी ४४. तरुण गोऱ्यांनी २०१२ साली ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी यांना पसंती दिली. तरुण पिढी वंशाच्या बाबतीत उदार दिसते त्यातला बराच भाग असा आहे की तिच्यात गोरेच कमी आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलांत गोऱ्यांचं प्रमाण २०२०च्या जनगणनेतच निम्म्याखाली गेलं होतं. तरुण गोरे आणि म्हातारे गोरे यांची तुलना केली की दरी राहते, पण मथळ्यात दिसते तेवढी नाही. नवशिक्या विश्लेषकाकडून पहिल्या महिन्यात होणारी ही चूक. मीही केली आहे, आणि माझ्या वरिष्ठ बाईंनी छापलेला तक्ता काही न बोलता माझ्याच टेबलावर पालथा ठेवला होता.

आणि 'काळे म्हणजे उदार' हेही तसंच. ४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियाने ओबामांना ६१ टक्के मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर समलिंगी लग्न बंद करणारा प्रस्ताव ८ मंजूर केला. एक्झिट पोलनुसार तिशीखालच्यांपैकी ६१ टक्के बंदीच्या विरोधात होते, पासष्टीवरचे ६१ टक्के बाजूने. इतकी सरळ आरशासारखी पिढीची दरी मी क्वचितच पाहिली. त्याच पोलमध्ये काळ्या मतदारांचा बंदीला ७० टक्के पाठिंबा दाखवला गेला आणि गहजब झाला. नंतरच्या बारकाईच्या अभ्यासात तो आकडा ५८च्या आसपास आला, आणि किती नियमितपणे चर्चमध्ये जाता, यानेच त्यातलं बरंचसं उलगडलं.

स्वतः ओबामा हा तर पिढीचा नाही, राजकीय हिशेबाचा नमुना. १९९६ साली इलिनॉयच्या राज्य सिनेटसाठी उभे असताना त्यांनी एका प्रश्नावलीत समलिंगी लग्नाला पाठिंबा लिहून दिला होता. २००८ साली म्हणाले, लग्न पुरुष आणि स्त्रीचं. मे २०१२मध्ये पुन्हा पाठिंबा जाहीर केला. तेव्हा त्यांनी आपल्या मुलींच्या मैत्रिणींचा दाखला दिला, ज्यांचे पालक समलिंगी जोडपी होती. पुन्हा जेवणाचं टेबल. पण आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनाने ६१ टक्क्यांनी बंदी मंजूर केली होती, म्हणजे ते उडी मारत होते तेव्हा पाणी अजून थंडच होतं.

लोक फोनवर खरं बोलतात का, असं तुमच्या मनात आलं असेल. पूर्ण नाही. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर हे काळे उमेदवार गव्हर्नरपदाला उभे होते. पोलमध्ये चांगली आघाडी होती, जिंकले ६,७४१ मतांनी. विचारणाऱ्याच्या आवाजावरून लोक त्याचा वंश ताडतात आणि उत्तर मऊ करतात. माझा आवाज ऐकून पुष्कळ जण मध्येच विचारायचे, "तू मूळची कुठली गं?" आणि त्यानंतर स्थलांतरितांबद्दलची उत्तरं कशी गोड व्हायची, ते मी कानाने ऐकलं आहे. शब्दानेही फरक पडतो. २०१० साली एका राष्ट्रीय पोलमध्ये 'होमोसेक्शुअल' लोकांनी सैन्यात असावं का, याला ५९ टक्के होकार होता. शब्द बदलून 'गे आणि लेस्बियन' केला की ७०. मॅकोमच्या आजींचा 'हो' त्यांच्या मनाचा होता की नातवाच्या धाकाचा? मला माहीत नाही. पण नातवासमोर 'नाही' म्हणायची लाज वाटणं, हाच राजकारणातला बदल असतो. वंशाच्या प्रश्नाला तसा नातू त्या टेबलावर नव्हता.

आपल्या माणसांचं काय, हेही विचारलं जातं. डेट्रॉइटच्या मोठ्या भागाचं प्रतिनिधित्व २०२३पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, श्री ठाणेदार करतात. बेळगावात वाढलेला मराठी माणूस, काळ्यांची बहुसंख्या असलेल्या शहराचा खासदार. २०२२च्या प्राथमिक निवडणुकीत काळ्या उमेदवारांत मतं विभागली गेली आणि ठाणेदार २८ टक्क्यांवर निवडून आले. १९५५पासून पहिल्यांदा डेट्रॉइटला काळा खासदार उरला नाही. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर त्या रात्री नुसता जल्लोष होता. डेट्रॉइटमध्ये अनेकांना ते काहीतरी गमावल्यासारखं वाटलं, हे तिथे कुणाच्या गावी नव्हतं. आमची बहुतेक कुटुंबं एट माइलच्या उत्तरेलाच राहतात. गणपतीत जेवताना 'सून गोरी चालेल, पण...' हे वाक्य अर्धवट सोडलेलं मी किती वेळा ऐकलं असेल. आणि त्याच पंगतीत, मुलाच्या नवऱ्याला आग्रह करकरून मोदक वाढणारी आईही पाहिली आहे. ते पाच-सहा वर्षांत बदललं. पहिलं वाक्य पंचवीस वर्षं अर्धवटच आहे.

आता शेवटचा धडा, जो मला स्वतःला उशिरा कळला. जे मत काळाच्या वाऱ्याने चढतं ते काळाच्या वाऱ्याने उतरूही शकतं. रिपब्लिकन मतदारांत समलिंगी लग्नाला पाठिंबा २०२१ साली ५५ टक्क्यांवर पोचला होता. २०२२ साली काँग्रेसने हे विवाह आणि आंतरवंशीय विवाह, दोन्हींना संरक्षण देणारा कायदा केला, तेव्हा सिनेटमधल्या १२ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. आणि २०२५ साली गॅलपच्या मोजणीत तो पाठिंबा ४१ टक्के. चार वर्षांत १४ अंक. मेले ते म्हातारे, आले ते तरुण, म्हणजे पिढीबदलाने आकडा वरच जायला हवा होता. मधल्या काळात ट्रान्स मुलांचे खेळ, शाळेतली पुस्तकं, शाळेत लैंगिक कलाबद्दल शिकवण्यावर बंधनं घालणारा २०२२चा फ्लोरिडाचा कायदा, २०२४च्या प्रचारातल्या जाहिराती असा सगळा गदारोळ झाला आणि हा विषय घरातून उठून परत पक्षाच्या तंबूत जाऊन बसला. दुसरीकडे तरुणांत स्वतःला एलजीबीटी म्हणवणारे वाढतच आहेत; गॅलपच्या २०२४च्या आकड्यांत झेड पिढीतल्या (१९९७नंतर जन्मलेल्या) प्रौढांपैकी पाचात एकाहून जास्त, तर बूमर पिढीत (१९४६ ते १९६४ जन्म) ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे येत्या काळात टेबलावर नातू जास्त असतील, आणि आजोबांचा टीव्हीही जास्त मोठ्याने चालू असेल. कोण जिंकेल, यावर मी पैज लावत नाही.

मिशिगनपुरतं सांगते. २०२३ साली राज्याने नागरी हक्क कायद्यात लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा समावेश केला. पण २००४ची ती बंदी अजून राज्यघटनेत छापलेली आहे, पहिल्या प्रकरणाच्या पंचविसाव्या कलमात, निष्प्रभ पण शाबूत. ती खोडायला पुन्हा सार्वमत लागेल, अलाबामाला लागलं तसं. ते जेव्हा होईल तेव्हा राज्याच्या एकूण टक्केवारीत मला फारसा रस नसेल. मी मॅकोमचे प्रिसिंक्ट, म्हणजे मतदानाचे छोटे विभाग, एकेक करून उघडीन, आणि मग एट माइलच्या खालचे.